वणीस ऐकलेला ‘ओके’

मागल्या मार्गशीर्षांत आम्हांस वणीस जाण्याचा प्रसंग आला. प्रसंग म्हणण्याचें कारण, तें जाणें कांहीं हवापालटासाठीं नव्हतें. वणींत आमच्या आजोबांनीं बांधलेला एक जुना वाडा आहे व त्यांत आमच्या आत्या एकट्या राहतात. वाडा विकावा असें पुण्यामुंबईच्या व परदेशच्या भावंडांचें ठरलें, आणि हक्कसोडपत्रावर आत्यांची सही घेऊन येण्याची कामगिरी, घरांत वडील म्हणून, आमच्या गळ्यांत पडली. कागद पिशवींत होता, बरोबर सौभाग्यवती होत्या, आणि खिशांतल्या फोनमध्यें सात सख्ख्या-चुलत भावंडांचे सात होकार होते. सातही जणांनीं एकच शब्द लिहिला होता: ‘ओके’. हा लेख मुख्यतः त्या शब्दाविषयीं आहे; वाड्याची हकीकत ओघानें येईल तेवढीच.

नागपुराहून वरोऱ्यापर्यंत आम्ही आगगाडीनें गेलों. गाडी स्टेशनांतून सुटतांना स्टेशनावरचा माणूस आणि गाडीचा गार्ड एकमेकांस हिरवें निशाण दाखवितात, हें वाचकांनीं अनेकदां पाहिलें असेल. रेल्वेच्या भाषेंत या खुणेस ‘ऑल राइट’ म्हणतात. (गार्डास २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ असें भारदस्त नांव मिळालें आहे, निशाण मात्र तेंच.) लहानपणीं ही खूण पाहून आम्हांस वाटे कीं, तो गृहस्थ आपणांसच निरोप देत आहे. वस्तुतः तिचा अर्थ फार काटेकोर आहे. मी गाडी नीट पाहिली, दारें लोंबकळत नाहींत, कोठें धूर नाहीं, पुढें जाण्यास हरकत नाहीं, एवढें सारें त्या हिरव्या फडक्यांत सांठविलेलें असतें. हें येथें सांगण्याचें कारण पुढें येईल.

वरोरें हें बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळें सर्वांस ठाऊक झालेलें गांव. तेथून वणीची एस. टी. धरली. वाटेंत पाटाळ्याच्या पुलावर वर्धा नदी ओलांडली कीं चंद्रपूर जिल्हा संपतो आणि यवतमाळ जिल्हा लागतो. पुलापर्यंत शेतें दिसतात. पुढें शेतांबरोबर कोळशाचे ट्रकही दिसूं लागतात. एकामागून एक, ताडपत्री झांकलेले, आणि प्रत्येकाच्या पाठीवर निरनिराळ्या रंगांत तेंच तीन शब्दांचें सुभाषित: ‘हॉर्न ओके प्लीज’. आमची गाडी एका ट्रकामागें चांगली वीस मिनिटें अडकली होती. तेवढ्या वेळांत त्या मधल्या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न सौभाग्यवतींनीं केला. हॉर्न वाजवा, हें समजलें. कृपा करून, हेंही समजलें. मधलें ‘ओके’ कशासाठीं?

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, आणि घरीं येऊन शोध केल्यावर असें कळलें कीं तें कोणासच नीट देतां येत नाहीं. कोणी म्हणतात, दुसऱ्या महायुद्धांत ट्रक घासलेटावर चालत व ते पेट घेण्याचें भय असे, म्हणून ‘घासलेटावर’ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें मागें लिहीत. कोणी एका कंपनीच्या ‘ओके’ नांवाच्या साबणाच्या जाहिरातीकडे बोट दाखवितात. दोन्ही गोष्टी ऐकण्यास गोड आणि पुराव्यानें सारख्याच पोरक्या आहेत. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनीं तर ३० एप्रिल २०१५ रोजीं हुकूम काढून हीं अक्षरें वाहनांवर लिहिण्यास बंदी केली; कारण त्यांमुळें लोकांस विनाकारण भोंगे वाजविण्यास उत्तेजन मिळतें. बंदीस दहा वर्षें होऊन गेलीं. वणीच्या रस्त्यावर आम्हीं मोजलेल्या एकवीस ट्रकांपैकीं चौदांवर तीं अक्षरें ठळक होतीं. हुकूमही ओके आणि अक्षरेंही ओके!

वणी हें गांव निर्गुडा नदीच्या कांठीं आहे. इंग्रजी अमदानींत सबंध जिल्ह्यासच या गांवाचें नांव होतें. साहेबाच्या तोंडीं वणीचें ‘वून’ झालें, व १९०५ पर्यंत सरकारी दप्तरांत हा ‘वून जिल्हा’च होता. मौज अशी कीं जिल्ह्यास नांव वणीचें आणि कचेऱ्या यवतमाळास. पुढें नांवही यवतमाळासच गेलें. गांवाची माती काळी, कपाशीची, मातीखालीं कोळसा, आणि जवळच राजुरास चुन्याच्या भट्ट्या. एकाच तालुक्यांत पांढरें सोनें, काळें सोनें आणि पांढरा चुना अशी ही त्रिस्थळी आहे. कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण १९७३ सालीं पुरें झालें व १९७५ त नागपुरास मुख्य कचेरी असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी निघाली. तेव्हांपासून वणीच्या भोंवतालचीं अनेक गांवें खाणींच्या पोटांत गेलीं किंवा कांठावर येऊन बसलीं. गांवांत शिरतांच मोटारस्टँडवर रिक्षावाल्यानें विचारलें, “कुठं जाचं हाय जी?” आम्हीं रंगनाथस्वामींच्या देवळाकडील आळी सांगितली, भाडें विचारलें, तें थोडें कमी करण्यास सुचविलें. तो म्हणाला, “ओके हाय, बसा.” सामान चढवून झालें तेव्हां, “ओके ना जी?” उतरल्यावर पैसे मोजून, “ओके.” कराराचा आरंभ, मध्य व शेवट असे तिन्ही त्यानें एका शब्दांत उरकले, आणि तिन्ही वेळां अर्थ निराळा होता. पहिला कबुलीचा, दुसरा प्रश्नाचा, तिसरा निरोपाचा.

वणीचें नांव घेतलें आणि लोकनायक बापूजी अण्यांचें नांव घेतलें नाहीं, असें वऱ्हाडांत चालत नाहीं. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजीं याच गांवीं झाला. लोकमान्यांचें चरित्र त्यांनीं ‘तिलकयशोऽर्णव’ या नांवानें संस्कृत श्लोकांत लिहिलें, व त्यास त्यांच्या पश्चात् १९७३ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. परंतु आज आम्हांस त्यांचें स्मरण दुसऱ्या कारणासाठीं झालें. लोकमान्यांनीं घालून दिलेल्या ‘प्रतियोगी सहकारिते’च्या मार्गाचे बापूजी हे पुरस्कर्ते होते. सरकार जेवढा हात पुढें करील तेवढाच आपण करावा; सरसकट होकार नाहीं व सरसकट नकारही नाहीं. १९४१ सालीं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले, तेव्हां पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. फेब्रुवारी १९४३ त महात्माजींचा उपवास चालला असतां सरकार हलेना, तेव्हां त्यांनीं आणि आणखी दोघां सभासदांनीं राजीनामे दिले. त्यांचें राजकारण कोणास पटो वा न पटो. पण होकार कशास दिला आणि तो केव्हां परत घ्यावयाचा, हें ज्यास ठाऊक आहे अशा मनुष्याचा तो होकार होता. त्याच्या गांवीं आम्ही सात ‘ओके’ घेऊन चाललों होतों.

वाड्याचें वर्णन करीत बसत नाहीं. सागवानी खांब, मधला चौक, पडवींतला झोपाळा, मागल्या अंगणांत विहीर व तुळशीवृंदावन. असले वाडे वाचकांच्या घराण्यांतही असतील किंवा होते. माडीचा अर्धा भाग खचला आहे. पावसाळ्यांत स्वयंपाकघरांत तीन ठिकाणीं पातेलीं ठेवावीं लागतात. आत्यांचें वय त्र्याऐंशी आहे. विवाहानंतर तिसऱ्याच वर्षीं वैधव्य आलें, तेव्हांपासून त्या माहेरींच आहेत. आजोबा-आजींचें शेवटलें दुखणें त्यांनींच काढलें. आमच्या पिढीचीं निम्मीं बाळंतपणें याच घरांत त्यांच्या हातून झालीं. भावंडांच्या म्हणण्यांत वावगें कांहीं नव्हतें. घर पडावयास आलें आहे, आत्या एकट्या, रात्रीं-अपरात्रीं कांहीं झालें तर कोण आहे? त्यांनीं पुण्यास आमच्याकडे यावें, खोली तयार आहे. सर्व ठीक होतें.

रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं विषय काढला. आत्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “बाकीच्यांचं काय म्हणणं आहे?” आम्हीं फोन पुढें केला. त्यांनीं चष्मा लावून एकामागून एक सात उत्तरें वाचलीं, आणि म्हणाल्या, “हे ओके म्हणजे ‘बरं’ का रे, कीं ‘ठीक’?”

आम्ही म्हणालों, “दोन्ही एकच.”

“एकच कसे? तुझ्या आजोबांना मी एकदां पोळीवर तूप घालून विचारलं, कशी झाली? ते म्हणाले, ठीक. दुसऱ्या दिवशीं कणीक मी पुन्हा नव्यानं तिंबली. बरं म्हणाले असते तर तशीच केली असती.”

आतां हें खरें आहे कीं मराठींत पसंतीच्या शब्दांची उतरंड आहे. ‘बरें’ हा शब्द संस्कृत ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ यापासून आला. मुळांत तो उत्तम होता. झिजत झिजत मध्यमावर येऊन बसला. तरी त्याचें पोट केवढें मोठें! आजाऱ्यास बरें वाटतें. नको तें झालें तरी ‘बरें झालें’ म्हणून दांत ओठ खाल्ले जातात. ‘बरें तर’ म्हटलें कीं पाहुणा उठतो. ‘बरें आहे, पाहून घेईन’ यांत तर धमकी आहे. ‘ठीक’ हें मापाचें: चूक नाहीं, जास्तही नाहीं. ‘शाबास’ फारशींतून आलें व त्याचा मूळ अर्थ ‘आनंदित रहा’ असा आहे; म्हणजे तो शेरा नसून आशीर्वाद आहे, आणि म्हणूनच तो धाकट्यांनीं वडिलांस द्यावयाचा नसतो. वऱ्हाडी माणसाचें ‘बेस’ या सर्वांहून मोकळें. “बेस झालं” असें तो म्हणाला कीं त्यांत आडपडदा नसतो. या सर्व शब्दांवर आवाजाचा चढउतार बसलेला आहे. ‘ओके’ आला तो मात्र छापील रूपांत, फोनच्या कांचेवर. त्यास ना सूर ना तोंड.

आत्यांनीं विचारलें, हा शब्द आला तरी कोठून? याचें उत्तर मात्र आमच्याजवळ होतें, आणि तें सांगतांना आम्हांस थोडी मास्तरकीही चढली, हें कबूल करतों.

अमेरिकेंत बोस्टन शहरीं १८३८–३९ च्या सुमारास वर्तमानपत्रकारांस एक विचित्र छंद लागला होता. मुद्दाम अशुद्ध लिहावयाचें आणि त्या अशुद्ध शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन संक्षेप करावयाचा. ‘सर्व बरोबर’ या अर्थाचे ‘ऑल करेक्ट’ हे दोन शब्द ‘ओल कोरेक्ट’ असे चुकीचे लिहून त्यांचा ‘ओ. के.’ केला गेला, आणि तो २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ पत्रांत छापून आला. असल्या शेंकडों कोट्या त्या वर्षीं जन्मल्या व त्याच वर्षीं मेल्या. ‘ऑल राइट’ची अशीच केलेली ‘ओ. डब्ल्यू.’ कोणास आठवते? पण ‘ओ. के.’चें नशीब जोरावर होतें. पुढल्याच सालीं मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा राष्ट्राध्यक्ष होण्यासाठीं उभे राहिले. त्यांचें गांव किंडरहूक. पक्षाच्या लोकांनीं त्यांस ‘ओल्ड किंडरहूक’, म्हणजे ‘किंडरहूकचे म्हातारबा’ म्हणण्यास आरंभ केला, ‘ओ. के. क्लब’ निघाले. व्हॅन ब्युरेन हरले व शब्द जिंकला. मग तारायंत्रवाल्यांनीं आणि रेल्वेवाल्यांनीं तो उचलला. दोनच अक्षरें, तारेवर याहून सोयीचें काय? या शब्दाची व्युत्पत्ति सांगणारे पुढें पुष्कळ झाले. अमेरिकेंतील चोक्टॉ या मूळ रहिवाशांच्या भाषेंतून तो आला असें कित्येकांचें मत होतें. अखेर कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलन वॉकर रीड यांनीं जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली चाळून १९६३–६४ सालीं वरील जन्मकथा सिद्ध केली.

हें ऐकून आत्या इतक्या हंसल्या कीं त्यांस ठसका लागला. “म्हणजे ‘सर्व बरोबर’ हेंच चुकीचं लिहिलं? तुझ्या आजोबांनीं ऱ्हस्वदीर्घासाठीं आम्हां पोरांना या झोपाळ्याच्या कडीशीं उभं केलं, आणि त्यांच्याच वाड्याची विक्री अशुद्धलेखनावर?”

सौभाग्यवतीही हंसूं लागल्या. आम्हीं कागद पिशवींतून काढला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेजारचे एक कास्तकार कापूस विकावयास निघाले होते, त्यांच्याबरोबर आम्हीही गेलों. हंगाम ऐन भरांत होता. जिनाच्या आवारांत सीसीआयची म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची खरेदी चालली होती व गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. कित्येकांनीं रात्र तेथेंच, गाडीखालीं घोंगडी टाकून काढली होती. ग्रेडर येतो, कापसांत कोंपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस ओढून त्याचा धागा बोटांवर पाहतो, मग ओलावा मोजण्याचें यंत्र खुपसतो. ओलावा शेंकडा आठपर्यंत असेल तर पूर्ण भाव. आठाच्या वर बारापर्यंत त्या मानानें कपात. बाराच्या वर गेला कीं गाडी परत. शेजाऱ्यांची पाळी आली तेव्हां ते एक शब्द बोलले नाहींत, नुसते त्या यंत्राच्या आंकड्याकडे पाहत होते. ग्रेडर म्हणाला, “ओके.” त्यासरशीं त्या गृहस्थांनीं टोपी काढून कपाळ पुसलें. परत येतांना म्हणाले, “मागच्या खेपेला चौदा आला होता जी. गाडी वापस नेली.”

या ‘ओके’ला सूर नव्हता, तरी तो पोकळ नव्हता. तो उच्चारण्यापूर्वीं कोणी तरी कोंपरापर्यंत हात घातला होता. रेल्वेच्या हिरव्या निशाणाची आठवण आम्हांस तेथें झाली. पाहिल्यावांचून तें दाखवावयाचें नसतें.

घरीं आलों तों आत्या ओसरीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. आम्हीं कापसाची हकीकत सांगितली. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग सूप बाजूस सारून म्हणाल्या, “मला शिक्षणखात्याचं नोकरीचं पत्र आलं होतं. यवतमाळला, मुलींच्या शाळेंत. तेव्हां तुझे वडील म्हणाले, एकटी कशी राहशील, आई आजारी आहे, नको जाऊंस. मी बरं म्हणाले.”

ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती. घरांत ती नेहमीं सांगितली जाई, आणि ती अशी सांगितली जाई: आत्यांस चालून आलेली नोकरी होती, पण आईसाठीं त्यांनीं आनंदानें सोडली. आमच्या वडिलांनीं कित्येक पाहुण्यांस ही गोष्ट अभिमानानें सांगितलेली आम्हीं स्वतः ऐकली आहे.

“आनंदानं नव्हतं,” आत्या म्हणाल्या. “कुणी विचारलं नाहीं म्हणून सांगितलं नाहीं. बरं म्हटलं, तेवढं सगळ्यांना पुरलं.” आणि पुन्हा सूप ओढून घेतलें.

वडील हयात नाहींत. त्यांच्या बाजूनें बोलावें असें एकदां आमच्या मनांत आलें, व बोलण्यासारखें कांहीं होतेंही. आजी त्या वेळीं खरोखरच अंथरुणास खिळली होती. पण आम्ही उगीच राहिलों. सौभाग्यवती आत्यांजवळ जाऊन बसल्या व दोघी तांदूळ निवडूं लागल्या.

थोड्या वेळानें आत्याच म्हणाल्या, “असं कर. त्या सातही जणांना फोन लाव, आणि ओके म्हणजे काय तें विचार. मग मी सांगतें.”

त्या दुपारीं आम्हीं जें काम केलें तसलें उभ्या जन्मांत केलें नव्हतें. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, ओके म्हणजे निरोप पोंचला. वाचला, एवढंच.” मुंबईचा चुलतभाऊ त्या वेळीं लोकलमध्यें उभा होता, मजकूर सावकाश वाचूं म्हणून त्यानें तूर्त तो शब्द टाकला होता, तो सावकाशपणा अद्याप आला नव्हता. न्यू जर्सीच्या बंधूंकडे मध्यरात्र उलटून गेली होती. ते म्हणाले, “तुम्ही वडील, तुम्ही ठरवाल तें मला मान्य,” म्हणजे ज्याचा निर्णय आम्ही त्यांच्या होकारावर टेकविला होता, तो त्यांनीं आमच्यावर टेकविला होता. ठाण्याची बहीण अडखळत म्हणाली कीं पांच जणांनीं ओके लिहिलेलें दिसलें, त्यांत आपणच नाहीं म्हणणें बरें दिसेना. नाशिकच्या भावाचा ओके रागाचा होता. मागच्या वर्षीं सुचविलेली दुरुस्तीची योजना कोणी मनावर घेतली नाहीं, म्हणून त्यानें वाद मिटविण्यासाठीं तो लिहिला, आणि हें सांगतांना वाद पुन्हा सुरू झाला. वहिनींचा ओके त्यांच्या मुलानें परस्पर दाबला होता. एकटा बंगळूरचा पुतण्याच्या वयाचा चुलतभाऊ स्वच्छ बोलला, “मला पैशाची गरज आहे, दादा. मुलाची फी भरायची आहे. मी खरंच हो म्हटलं होतं.” त्याच्या या उत्तरानें आम्हांस बरें वाटलें, आणि अवघडही.

सातांतून एक! फोनवरच्या या शब्दाची आणखी एक कथा आहे. अमेरिकेच्या ॲपल कंपनीचा ‘लिसा’ नांवाचा संगणक १९८३ सालीं बाजारांत आला. तो तयार होत असतां यंत्रानें मनुष्यास ‘करूं का?’ असें विचारल्यावर दाबावयाच्या खुणेवर प्रथम ‘डू इट’, म्हणजे ‘कर’ असे शब्द होते. परीक्षेच्या वेळीं एका माणसानें ते जोडून ‘डोल्ट’ म्हणजे ‘मूर्ख’ असे वाचले, व यंत्र आपणांस शिव्या कां देतें म्हणून तो रागावला. तेव्हां त्या जागीं ‘ओके’ घातला. आज जगांतील कोट्यवधि माणसें तो दिवसांतून कितीदां तरी दाबतात, आणि त्यावरचा मजकूर वाचतात किती, हें वाचकांनीं स्वतःवरूनच ताडावें.

आमचा एक भाचा नागपुरास वकिली करतो. संध्याकाळीं त्याचा सल्ला घेतला, तेव्हां त्यानें कॅनडांतील एक निकाल सांगितला. तेथील एका शेतकऱ्यास धान्याच्या व्यापाऱ्यानें जवस खरेदीच्या कराराचें छायाचित्र फोनवर पाठविलें. शेतकऱ्यानें उत्तरादाखल नुसतें उभ्या अंगठ्याचें चित्र धाडलें. पुढें भाव चढले, जवस आला नाहीं. शेतकरी म्हणाला, माझ्या अंगठ्याचा अर्थ ‘करार पोंचला’ एवढाच होता. २०२३ सालीं न्यायाधीशांनीं तें मानलें नाहीं. अंगठा म्हणजेच सही धरून त्यास ८२ हजार कॅनेडियन डॉलरांवर भरपाई द्यावयास लावली. भाच्यास हा निकाल नवलाचा वाटत होता. आम्हांस तितकासा वाटला नाहीं. सावकाराच्या खतावर उमटविलेल्या अंगठ्यांचा अर्थ अंगठेवाल्यांस न विचारतां लावण्याची रीत वऱ्हाडांत फार जुनी आहे. असो. आपल्याकडे स्थावराच्या कामीं तोंडचा किंवा फोनवरचा ओके चालत नाहीं. कागद दुय्यम निबंधकापुढें नोंदवावा लागतो, आणि १९९४ पासून महाराष्ट्रांत व २००५ पासून सर्व देशांत वडिलोपार्जित मिळकतींत लेकीचाही मुलासारखा हक्क कायद्यानें मानलेला आहे. आत्यांचा हिस्सा त्याच्या आधींच्या हिशेबानेंही होताच. किती, हें मात्र काढावें लागेल असें भाचा म्हणाला. हा हिशेब आम्हांपैकीं कोणीं काढलाच नव्हता.

आत्यांस आम्हीं सातही उत्तरें जशींच्या तशीं सांगितलीं. नाशिकच्या भावाच्या दुरुस्तीच्या योजनेविषयीं त्यांनीं दोनदां विचारलें. बंगळूरच्या मुलाची फी किती, तेंही विचारलें. मग म्हणाल्या, “त्या पोराची सोय आधीं करा. माझ्या पाटल्या आहेत. वाड्याचं सगळे मिळून इथं या, चौकांत बसा, आणि तोंडानं बोला. मग मलाही विचारा. मी या खेपेला नुसतं बरं म्हणणार नाहीं.”

“पुण्यास येण्याचें काय?” आम्हीं विचारलें.

“तेंही तेव्हांच बोलूं.”

चैत्रांत, नवरात्राच्या सुमारास, सर्वांनीं वणीस जमावें असें आम्हीं त्याच रात्रीं भावंडांस कळविलें, आणि खालीं मुद्दाम लिहिलें कीं उत्तर कृपा करून पूर्ण वाक्यांत पाठवावें. सहांचीं वाक्यें आलीं. बंधूंनीं न्यू जर्सीहून पुन्हा ‘ओके’च पाठविला, मग पांच मिनिटांनीं, ‘येतों. तिकीट पाहतों.’

तिसऱ्या दिवशीं सकाळीं निघालों. आत्यांनीं ज्वारीचा हुरडा, तुरीच्या शेंगा आणि घरच्या लिंबांचें लोणचें बांधून दिलें. हक्कसोडपत्र पिशवींत जसें आणलें तसेंच, फक्त त्यास आतां लोणच्याचा वास लागला होता. दारांत सौभाग्यवती वांकून नमस्कार करून म्हणाल्या, “येतों, आत्याबाई. चैत्रांत सगळीं येतों.”

आत्या म्हणाल्या, “बरं.”

कंडक्टरनें दोन घंटा दिल्या व गाडी सुटली. तो ‘बरं’ कोणता होता, यावर आम्हां उभयतांचा पाटाळ्याचा पूल येईपर्यंत वाद चालला. सौभाग्यवतींचें म्हणणें, तो आनंदाचा होता. आमचें म्हणणें, जरा वाट पाहण्याचा. पुलावर ट्रकांची रांग लागली, आमच्या गाडीचा ड्रायव्हर भोंगा वाजवूं लागला, आणि बोलणें तेथेंच राहिलें.